नळी निळीच राहिली तेव्हा

सांगलीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मला आलेला अननोन, म्हणजे नाव न सांगता ओळखायला दिलेलं द्रावण, आजही आठवतो. 5 मिलि बेनेडिक्टमध्ये, म्हणजे साखर तपासायच्या निळ्या द्रावणात, त्याचे 8 थेंब टाकले, उकळत्या पाण्यात नळी धरली. निळी ती निळीच. मी 'कार्बोहायड्रेट नाही' लिहून पेपर दिला. नळीत साखर होती, आपल्या चहात पडते तीच.

बेनेडिक्ट गोडी ओळखत नाही, हे मला तेव्हा कळलं. रेणूत मोकळा क्षपणकारी गट, म्हणजे तांब्याला इलेक्ट्रॉन देणारा भाग, असेल तरच तांब्याचा विटकरी साका बसतो. सुक्रोजमध्ये, म्हणजे चहाच्या साखरेत, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज नेमके त्याच जागी एकमेकांना जोडलेले असतात. म्हणून तो जोड तोडायला आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळायचं, मग फसफस थांबेपर्यंत सोडियम बायकार्बोनेट टाकायचं आणि मग बेनेडिक्ट करायची. ही मधली पायरी गाळू नका, बेनेडिक्ट अल्कलीतच चालते. घरचा गूळ मात्र आम्लाशिवायच लाल झाला. रस आटवताना थोडं सुक्रोज फुटतं, त्याचं ग्लुकोज-फ्रुक्टोज गुळात उतरतं. गूळ आणि साखर शेजारी ठेवून हा प्रयोग एकदा कराच. त्या एका तासात मला जे समजलं ते जर्नल उतरवून समजलं नव्हतं.

अननोनची सुरुवात मॉलिशने, म्हणजे कार्बोहायड्रेटच्या सर्वसाधारण चाचणीने करा, ती सुक्रोजलाही जांभळं कडं देते. संहत सल्फ्युरिक आम्ल तिरप्या नळीच्या कडेने सोडायचं आणि नळी अजिबात हलवायची नाही. गॉगल डोळ्यांवर हवा, कपाळावर नको.

आयोडीनची चाचणी सोपी, पण स्टार्चचं द्रावण गार होऊ द्या. गरम असेल तर निळा-काळा रंग दिसत नाही, गार झाल्यावर उमटतो.

बाययुरेटमध्ये, म्हणजे प्रथिनांच्या चाचणीत, बहुतेकांचा हात कॉपर सल्फेटवर सैल सुटतो. ते थेंबाथेंबानेच टाका, जास्त झालं की त्याचा निळा रंग प्रथिनाचा जांभळा झाकून टाकतो. ही चाचणी पेप्टाइड बंध, म्हणजे प्रथिनातल्या अमिनो आम्लांना जोडणारा दुवा, दाखवते, सुट्या अमिनो आम्लांना तिथे रंग येत नाही. त्यांच्यासाठी निनहायड्रिन. ती जांभळी होते, प्रोलिन असेल तर पिवळी. हातमोजे घाला, कारण बोटांच्या घामातही अमिनो आम्लं असतात.

आणि प्रत्येक चाचणीला तुलनेसाठी शेजारी एक नळी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची ठेवा. माझ्या स्टँडवर ती आता पहिल्या खाचेत असते.