लिनक्सला आपोआप आयपी पत्ता मिळेना: दुरुस्तीला बसण्यापूर्वीची तयारी

ज्या संगणकाला पत्ताच मिळत नाही, त्याच्यावरून उपाय शोधता येत नाहीत आणि कमी पडणारी साधनेही उतरवता येत नाहीत. म्हणून इंटरनेट चालू असलेला दुसरा संगणक किंवा फोन, एक पेन ड्राइव्ह आणि दुसऱ्या यंत्रावर चालवून पाहिलेली एक नेटवर्क केबल आधी हाताशी ठेवावी. टीसीपीडम्प (नेटवर्कवरून जाणारे-येणारे संदेश दाखवणारे साधन) आणि ईथटूल (नेटवर्क कार्डाची स्थिती दाखवणारे साधन) संगणकावर नसतील, तर आपल्या डिस्ट्रोच्या, म्हणजे उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्स प्रकाराच्या, नेमक्या आवृत्तीची पॅकेजेस पेन ड्राइव्हवर घ्यावीत. सुडोचा, म्हणजे प्रशासक म्हणून आदेश चालवण्याचा, अधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड माहीत हवाच. संगणक दूरच्या जागी असून आपण एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरूनच, आत शिरलो असू, तर नेटवर्क सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी त्याच्या कन्सोलपर्यंत (थेट पडदा-कीबोर्डपर्यंत) पोचण्याची दुसरी वाट पक्की करावी. ती नसेल तर सेवेला हातच लावू नये.

काहीही बदलण्याआधी ‘आयपी ॲड्रेस’ या आदेशाचे पूर्ण उत्तर एका फाइलमध्ये जतन करावे आणि त्यातला मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) वेगळा लिहून ठेवावा, कारण राउटरच्या यादीत पुढे तोच शोधायचा आहे. त्या उत्तरात ‘नो-कॅरिअर’ असे दिसत असेल, तर डीएचसीपीच्या, म्हणजे सर्व्हरकडून (घरी बहुधा राउटरकडून) आपोआप पत्ता मिळवण्याच्या पद्धतीच्या, मागे लागण्यात अर्थ नाही. दोष केबल, पोर्ट किंवा स्विच यांच्यापैकी कुठेतरी आहे. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर तो सहसा कुठल्याही सर्व्हरने दिलेला नसतो, उत्तर न आल्यामुळे संगणकाने स्वतःच घेतलेला असतो. वायफायच्या बाबतीत पासवर्ड स्वीकारला गेला आहे ना, एवढे आधी पाहावे.

यानंतरचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: या इंटरफेसचा, म्हणजे नेटवर्क कार्डाचा, कारभार नेमका कोणत्या कार्यक्रमाकडे आहे? नेटवर्कमॅनेजर, सिस्टमडी-नेटवर्कडी, डीएचसीपीसीडी आणि जुने इफअपडाउन यांपैकी दोघे एकाच कार्डावर सुरू असतील, तर कधी दोन पत्ते दिसतात, कधी मार्ग अचानक बदलतो, आणि आपण एका फाइलीत केलेली दुरुस्ती दुसरा कार्यक्रम निमूटपणे पुसून टाकतो. डेबियनवर इफअपडाउनच्या इंटरफेसेस फाइलीत नोंदवलेल्या कार्डाकडे नेटवर्कमॅनेजर मुळातच लक्ष देत नाही, आणि ‘अनमॅनेज्ड’ (आपल्या ताब्यात नाही) हा त्याचा शेरा पाहून माणूस उगाच ड्रायव्हर बदलत बसतो. कोणता कार्यक्रम चालू आहे ते सिस्टमसीटीएल या आदेशाने पाहावे आणि जर्नलसीटीएल या आदेशाने त्याच्याच नोंदी काढून ठेवाव्यात.

खरी परीक्षा पोर्ट ६७ आणि ६८ वर होते. हे केबलचे पोर्ट नव्हेत, तर डीएचसीपीचे संदेश ज्यांवरून जातात ते क्रमांक आहेत. एका टर्मिनलमध्ये टीसीपीडम्प या दोन पोर्टांवर लावून दुसरीकडून पत्ता नव्याने मागवावा आणि डिस्कव्हर (सर्व्हरचा शोध), ऑफर (सर्व्हरने देऊ केलेला पत्ता), रिक्वेस्ट (त्याची मागणी), ॲक (सर्व्हरचा होकार) या चार संदेशांपैकी साखळी कुठे तुटते ते पाहावे. नुसते डिस्कव्हरच पुन्हा पुन्हा जात असतील, तर चुकीचे व्हीलॅन (स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग), बंद सर्व्हर किंवा संपलेला पत्त्यांचा साठा, यांपैकी काही असू शकते. स्विचवर स्पॅनिंग ट्री (जोडण्यांचे वर्तुळ होऊ न देणारी व्यवस्था) जुन्या पद्धतीने चालत असेल, तर स्विचचे पोर्ट खुले होण्यास सुमारे ३० सेकंद लागतात आणि तोवर काही क्लायंट, म्हणजे पत्ता मागणारे कार्यक्रम, हार मानतात. आपल्या संगणकाच्या फायरवॉलला मात्र लगेच दोष देऊ नये. अनेक क्लायंट रॉ सॉकेट, म्हणजे फायरवॉलला वळसा घालून थेट कार्डाशी बोलण्याची वाट, वापरतात, त्यांना तिचे नियम आडवे येत नाहीत.

राउटरचे लॉगिनही आधीच मिळवून ठेवावे, म्हणजे पत्त्यांच्या साठ्याची मर्यादा, मॅक फिल्टर (ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश देणारा नियम) आणि दिलेल्या पत्त्यांची यादी पाहता येईल. आभासी यंत्रे (व्हर्च्युअल मशीन) एकाच डिस्क-प्रतिमेवरून बनवली असतील, तर इटीसी फोल्डरमधील मशीन-आयडी फाइल प्रत्येकावर वेगळी आहे का ते तपासावे. सिस्टमडी-नेटवर्कडी आपली ओळख सर्व्हरला त्याच क्रमांकावरून सांगते, म्हणून मॅक पत्ते निराळे असूनही दोन यंत्रांना एकच आयपी पत्ता मिळू शकतो.

शेवटी, राउटरच्या साठ्याबाहेरचा, कोणी वापरत नसलेला एक पत्ता, त्याचा मास्क (नेटवर्कची व्याप्ती सांगणारा आकडा) आणि गेटवेचा, म्हणजे बहुधा राउटरचाच, पत्ता कागदावर लिहून घ्यावा. ‘आयपी ॲड्रेस ॲड’ ने तो तात्पुरता लावून पाहावा. रीबूट केल्यावर तो आपोआप निघून जातो. गेटवेने पिंगला उत्तर दिले, तर तार, कार्ड आणि ड्रायव्हर यांच्यावरचा संशय फिटतो आणि शोध फक्त डीएचसीपीपुरता उरतो.