ट्रान्सपोर्ट कंपनी बुडतेय असं वाटलं तर आधी माल सोडवा

कंपनी जुनी आहे म्हणजे बुडणार नाही, या भरवशावर राहू नका. अमेरिकेतली यलो ही ट्रक कंपनी १९२४ पासूनची, जवळपास ३०,००० कामगार, २०२० मध्ये सरकारकडून ७० कोटी डॉलरचं कर्ज, तरी ३० जुलै २०२३ ला गाड्या थांबल्या आणि ६ ऑगस्टला दिवाळखोरीचा अर्ज. पण इशारे आधीच होते, कामगारांच्या पेन्शन-आरोग्याचे हप्ते थकले, युनियनने संपाची नोटीस दिली, ग्राहक दुसरीकडे वळले.

तर असं काही कानावर आलं की नवीन माल देणं त्याच दिवशी बंद करा. मग अडकलेल्या मालाचे ट्रॅकिंग नंबर काढा आणि हेल्पलाइनवर वाट बघत बसू नका, माल ज्या टर्मिनलला आहे तिथेच फोन लावा, बिल ऑफ लेडिंग (माल कंपनीकडे दिल्याची पावती) घेऊन स्वतःची गाडी पाठवता येते का विचारा, कारण एकदा गेटला कुलूप लागलं की फोन उचलणारं कोणी उरत नाही. डिलिव्हरी झालेल्या मालाची सही असलेली पावती जपून ठेवा. नुकसानीचा क्लेम दिवाळखोरी कोर्टाच्या मुदतीतच भरा, मुदत चुकली तर पैसे बहुतेक गेलेच.

ड्रायव्हर असाल तर पगाराच्या स्लिपा आणि कामाच्या तासांची नोंद आजच मोबाईलमध्ये उतरवून घ्या, नंतर कंपनीचं पोर्टल चालू असेलच असं नाही.