फॉल्ट कोड खोडण्याआधी

वाहनदुरुस्ती शिकत असताना सुरुवातीच्या महिन्यांत माझ्या हातून झालेली एक चूक मला अजून खटकते. इंजिनाचा दिवा लागलेल्या एका गाडीत गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरने पी०१७१ हा दोषाचा कोड दाखवला, म्हणजे पहिल्या बँकेत (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेत) इंधनाच्या मानाने हवा जास्त होत होती. मिश्रणाची माहिती ऑक्सिजन सेन्सर देतो, तेव्हा दोष त्याचाच, असे मी गृहीत धरले, नवा सेन्सर बसवला, कोड खोडला आणि गाडी परत दिली. चार दिवसांत ती तोच कोड घेऊन आली. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरपासून थ्रॉटलकडे, म्हणजे हवेच्या झडपेकडे, जाणाऱ्या रबरी नळीच्या घडीत चीर पडली होती आणि तिथून न मोजलेली हवा इंजिनात शिरत होती. जुना सेन्सर जे सांगत होता ते खरेच होते.

कोड हा संगणकाला दिसलेल्या लक्षणाचे नाव असतो. कोणता भाग बदलायचा, हे तो सांगत नाही. म्हणून कोड खोडण्याआधी फ्रीझ फ्रेम उतरवून घ्यावी. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, तापमान, भार आणि वेग किती होता, हे तीत असते. कोड खोडला की ही नोंद पुसली जाते आणि संगणकाच्या स्वयंचाचण्यांनाही पुन्हा सुरुवात होते.

पी०१७१ साठी मी आता सर्वांत आधी फ्युएल ट्रिम पाहतो. मिश्रण योग्य राखण्यासाठी संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, तो हा आकडा. एअर फ्लो सेन्सर असलेल्या इंजिनात तो आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, बराच वर असेल आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांना शून्याकडे उतरत असेल, तर हवेची गळती शोधावी. आयडलिंगला एकूण हवाच थोडी असल्याने गळतीचा वाटा मोठा ठरतो, आणि फेरे वाढले की तोच वाटा नगण्य होतो. उलट भार वाढताना आकडा चढत असेल, तर इंधनाचा दाब मोजावा आणि एअर फ्लो सेन्सर मळला आहे का, ते पाहावे.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथले इंधन नीट पेटत नाही. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणारी स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिल्याची दुसऱ्यावर बसवून पाहावी. कोड पी०३०२ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी पळवून तपासणी करू नये, कारण न जळलेले इंधन धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोहोचून त्याला अतितप्त करते.

विद्युत मंडलाच्या कोडमध्ये वायरिंगची शंका आधी घ्यावी. पी०११३ असताना स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचे तापमान उणे ४० अंशांच्या आसपास दिसते, कारण मंडल कुठेतरी तुटलेले असते. तापमानाचा सेन्सर स्वतंत्र, दोन तारांचा असेल, तर कनेक्टर काढून वायरिंगच्या बाजूच्या दोन पिना तारेने जोडाव्यात. आकडा एकदम खूप वर गेला, तर वायरिंग ठीक आहे आणि सेन्सर बदलावा. हलला नाही, तर तार, पिना आणि अर्थिंग तपासावे. इतर सेन्सरवर हा प्रयोग करू नये, संगणकाला इजा होऊ शकते.

दुरुस्तीनंतर फ्रीझ फ्रेममधल्याच वेगाने आणि भाराने गाडी चालवून पेंडिंग कोड, म्हणजे दोष पक्का होण्याआधीची नोंद, येतो का, ते मी पाहतो. त्या गाडीची नळी बदलल्यावर आयडलिंगचा फ्युएल ट्रिम २२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला, आणि ती गाडी या वेळी मी तो आकडा पाहूनच परत दिली.