हामिदला खेळणं हवं होतं का? मोठं होण्याच्या गोष्टी मुलांना कळल्या की नाही, हे कसं तपासावं

कथेवरची माझी पहिली चाचणी मी तपासायला घेतली, तेव्हा चाळीसेक मुलांनी एकच वाक्य लिहिलेलं होतं: 'हामिद हा गुणी व समंजस मुलगा होता.' ते वाक्य मीच वर्गात सांगितलेलं. मुलांनी माझी परतफेड केली होती, व्याजाशिवाय. गोष्ट कुणाला कळली आणि कुणाला नाही, याचा मला त्या गठ्ठ्यातून काहीच पत्ता लागला नाही.

प्रेमचंदांची 'ईदगाह' (1933) आपल्याकडे अनेकांनी हिंदीच्या तासाला वाचलेली असते, म्हणून तिचंच उदाहरण घेऊन सांगते. आजीजवळ वाढणारा हामिद ईदच्या जत्रेत जातो आणि स्वतःसाठी खेळणं न घेता आजीसाठी चिमटा आणतो, अशी ही गोष्ट. मूल मोठं होण्याची कुठलीही कथा घेतली तरी पद्धत हीच.

आधी वळण शोधा, मग प्रश्न

पेन्सिल घेऊन कथा पुन्हा वाचा. या प्रकारच्या कथेत मूल सुरुवातीला एका ठिकाणी असतं आणि शेवटी दुसऱ्या. मधे कुठेतरी ते वळतं. ती जागा समासात खुणेनं दाखवा आणि स्वतःसाठी एक वाक्य लिहा: 'आधी याला अमुक वाटत होतं, नंतर तमुक.' हे वाक्य जमलं नाही, तर चाचणी काढू नका. कथा अजून आपल्यालाच कळायची आहे.

'ईदगाह'मध्ये हे वाटतं तितकं सोपं नाही. चिमटा विकत घेण्याची जागा मुलं लगेच दाखवतात. पण घरी आल्यावर आजी अमीना आधी चिडते, छाती पिटते: दुपार झाली, पोरानं काही खाल्लं नाही, प्यायलं नाही आणि आणलं काय तर चिमटा! मग हामिद अपराध्यासारखा सांगतो की तव्यावर तुझी बोटं भाजायची म्हणून घेतला. म्हातारी लहान मुलीसारखी रडू लागते. वळण नक्की कुणाचं, नातवाचं की आजीचं? मला दोन्ही उत्तरं चालतात.

प्रसंग तोंडीच उरका

कुणी काय घेतलं, हामिदकडे किती पैसे होते (तीन), दुकानदारानं चिमट्याचे किती सांगितले (सहा, मग पाच). हे पाच मिनिटांत तोंडी विचारा. चौकटी पूर्ण करायला लावून त्याला आठ गुण देऊ नका. ज्याला इथे अडतं त्याला पुन्हा कथा वाचायला द्या, एवढाच याचा उपयोग.

चार लेखी प्रश्न

पहिला प्रश्न माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: *हामिदला माहीत नाही, पण आपल्याला माहीत आहे, अशी एक गोष्ट सांगा. ती कथेत कुठे कळते?* हामिदला वाटतं, अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लामियाँकडून छान छान वस्तू आणायला. वाचकाला ठाऊक असतं की दोघंही वारलीत. मुलाची समज आणि वाचकाची समज यांत असं अंतर असतं, त्या अंतरातच या कथा घडतात. हे ज्याला दिसलं त्याला कथा वाचता येते, मग शुद्धलेखन कसंही असो.

दुसऱ्या प्रश्नात मुद्दाम एक चुकीचं विधान द्या: *'हामिदला खेळण्यांची हौसच नव्हती.' पटतं का? कथेतल्या दोन जागा दाखवा.* गाइडात बहुधा याचं उत्तर नसतं. कथेत मात्र हामिद खेळण्यांकडे हावऱ्या डोळ्यांनी बघतो, त्याचे हात आपोआप पुढे जातात. त्याचा सोबती मोहसीन रेवडी पुढे करून स्वतःच्याच तोंडात टाकतो आणि बाकीचे हसतात. मन मारावं लागलं म्हणून तर चिमट्याला वजन आहे. हौसच नसती तर ती कथा झाली नसती, नुसता बाजारहाट झाला असता.

तिसरा: *ईदचा हा दिवस अमीनाच्या तोंडून दहा ओळींत सांगा.* वरवर कल्पनाविस्तार वाटतो, पण हा सापळा आहे. अमीना जत्रेला गेलेलीच नाही. ती घरी आहे, एवढंसं पोर तीन कोस कसं चालेल या घोरात. ज्या मुलानं तिच्या तोंडी पाळणे, मिठाई आणि चिमट्याची घासाघीस घातली, त्यानं प्रसंग पाठ केलेत. कोण कुठे उभं राहून काय बघतंय, हे त्याच्या ध्यानात आलेलं नाही.

चौथा प्रश्न न शिकवलेल्या उताऱ्यावर. शिकवलेल्या कथेवर आपण कितीही चलाख प्रश्न काढले, तरी थोडी आपल्याच बोलण्याची उजळणी होते. उतारा स्वतः लिहा, आठ-दहा ओळी पुरतात. माझा एक असा:

*शनिवारच्या बाजारात बाबा ओरडून भाजी विकायचे, तेव्हा मला हसू यायचं. त्या दिवशी वर्गातली मैत्रीण तिच्या आईबरोबर आली. मी पाटीमागे वाकले आणि मेथीच्या जुड्या उगीच मोजत राहिले. मैत्रिणीच्या आईनं भाव पाडून मागितला. बाबा एरवी अडून बसतात. त्या दिवशी त्यांनी वर दोन जुड्या टाकल्या. घरी जाताना त्यांचा आवाज बसला होता. मी म्हटलं, 'पुढच्या शनिवारी मी ओरडते.'*

प्रश्न दोनच. बाबांनी दोन जुड्या जास्त का दिल्या? मुलगी कोणत्या वाक्यापासून बदलली असं वाटतं? पहिल्याचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नाही. 'मुलगी लपली हे बाबांनी पाहिलं, म्हणून गिऱ्हाईक लवकर वाटेला लावलं' हे बरोबर. 'मुलीच्या मैत्रिणीचा मान ठेवला' हेही बरोबर. 'बाबा दयाळू होते' याला मी अर्धाच गुण देते. तेच बाबा एरवी अडून बसतात, हे वाक्य त्यानं वाचलेलंच नाही.

गुण कशाला द्यायचे

हे चाचणीच्या आधी ठरवा आणि मुलांना सांगूनही टाका. चार गुणांच्या उत्तरात एक गुण स्वतःच्या म्हणण्याला, दोन कथेतल्या आधाराला आणि एक त्या दोघांची सांगड घालण्याला. दुसऱ्या प्रश्नाची ही तीन उत्तरं पाहा.

'हामिद गुणी होता म्हणून त्याला खेळणी नको होती.' म्हणणं आहे, आधार नाही. एक गुण.

'त्याला हवी होती कारण तो हात पुढे करत होता, आणि मिठाई पण कोणी दिली नाही.' दोन जागा आल्या, पण त्यांतून काय निघतं ते सांगायचं राहिलं. तीन.

'हवी होती. तो हात पुढे करतो. आणि मातीची आहेत, पडली की फुटतील असं म्हणतो ती स्वतःचीच समजूत आहे, कारण नको असतं तर नावं कशाला ठेवली असती.' पूर्ण चार. 'नको असतं तर नावं कशाला' हे मला सुचलं नव्हतं.

मूल बोलीत लिहीत असेल तर लिहू द्या, त्याचे गुण कापू नका. लिहिण्यात मागे पडणाऱ्यांना हेच प्रश्न शेजारी बसवून विचारा. लेखी उत्तरात अडखळलेली मुलं तोंडी कधी कधी असं काही बोलतात की आपण पेन खाली ठेवावं.

एक प्रश्न गुणांसाठी विचारू नका

'तुमच्या आयुष्यातला असा प्रसंग लिहा.' मोह होतो, आणि कथा या जातीची असल्यामुळे तो प्रश्न शोभतोही. पण वर्गात एखादं मूल खरोखरच आजीजवळ वाढत असतं. त्याच्या दुःखाला दहापैकी सहा द्यायचे का सात? लिहायचं असेल तर वहीत लिहू द्या, न तपासता, दाखवायची सक्ती न करता. चाचणीत त्याऐवजी विचारा: 'हामिद पंधरा वर्षांचा झाल्यावर त्याला हा दिवस कसा आठवेल?' ज्याला स्वतःचं सांगायचंय तो हामिदच्या आडून सांगतो, नाही त्याची अडचण होत नाही.

गठ्ठा परत देताना

निम्म्याहून जास्त वर्ग एकाच प्रश्नाला चुकला असेल, तर मी आधी प्रश्न तपासते. एकदा मी 'हामिदचे परिवर्तन स्पष्ट करा' असं विचारलं होतं. परिवर्तन म्हणजे काय, हेच अर्ध्या वर्गाला माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला 'हामिद सकाळी कसा होता, संध्याकाळी कसा?' असं विचारलं, तर एका मुलीनं लिहिलं: 'सकाळी आजी त्याची काळजी करत होती, संध्याकाळी कळलं की तो पण करत होता.'