जुन्या बाईकचा फ्युएल पंप घरी बदलायचा असेल तर

कसारा घाट चढताना माझी गाडी तिसऱ्या गिअरला पण ओढेना, ॲक्सिलरेटर पिळला की उलट अजून बसायची, भरलेले ट्रक शेजारून निघून जात होते आणि इगतपुरीच्या अलीकडे एकदम बंद. वीस मिनिटं कडेला थांबलो, मग एका सेल्फमध्ये चालू, घोटीपर्यंत ठीक, नंतर पुन्हा तेच. गाडी २०११ ची, दीडशे सीसी, फ्युएल इंजेक्शनवाली. नाशिकला आल्यावर एका गॅरेजवाल्याने न उघडताच ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, गेलाय म्हणून सांगितलं. गेला होता पंप, आणि तो मी सातपूरला घरच्या अंगणात बदलला. तुमच्याकडे २००७ च्या पल्सर २२० एफआय, २००८ च्या पहिल्या आर१५, करिझ्मा झेडएमआर असल्या काळातली इंजेक्शनची गाडी असेल तर हे कामाला येईल. साध्या कार्बोरेटरच्या गाड्यांमध्ये बहुतेक पंप नसतोच, पेट्रोल वरून आपोआप खाली उतरतं, तिथे त्रास वेगळा शोधावा लागतो.

पंप घ्यायला लगेच पळू नका. आधी चावी ऑन करून टाकीला कान लावा, दोन-तीन सेकंद झूंऽऽ असा आवाज येऊन थांबला पाहिजे, तेव्हा पंप लाईनमध्ये प्रेशर बनवत असतो. आवाजच नाही तर किल स्विच, फ्यूज, रिले आणि गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर हे सगळं आधी बघा, रिले तर त्याच नंबरचा दुसरा गाडीत असेल तर अदलाबदल करून दोन मिनिटांत कळतं. आवाज येतो पण कण्हल्यासारखा, गाडी थंड असताना चांगली आणि तापल्यावर किंवा चढावर मरते, तर बहुतेक पंप किंवा त्याची पेट्रोल गाळणारी जाळी.

आता एक गोष्ट जी मला खूप महत्त्वाची वाटते. मल्टीमीटरने पंपाला येणारं व्होल्टेज बघताना कनेक्टर काढून बघू नका, काढलेल्या कनेक्टरला १२ व्होल्ट दिसतातच, वायर आतून सडलेली असली तरी. कनेक्टर लावलेलाच ठेवा, मागच्या बाजूने मीटरची पिन घाला आणि पंप फिरत असताना रीडिंग घ्या. बॅटरीवर १२.४ आणि पंपाशी १०.५ दिसत असेल तर पंप बिचारा उपाशी आहे, दोष वायरिंगचा नाहीतर अर्थिंगचा, नवीन पंप टाकला तरी गाडी घाटात तशीच थांबणार. प्रेशर गेज कोणाकडून मिळालं तर उत्तमच, बऱ्याच गाड्यांना २.५ ते ३.५ बार लागतं, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

पंपच आहे असं ठरलं की मोकळ्या जागेत या. बंद पार्किंग नको, जवळ गॅस, देवाचा दिवा, बिडी-सिगारेट काही नको, बादलीभर कोरडी वाळू हाताशी ठेवा. टाकीत पेट्रोल जेवढं कमी तेवढं बरं. इंजिन चालू करा आणि पंपाचा कनेक्टर ओढा, लाईनमधलं पेट्रोल संपून गाडी आपोआप बंद पडेल आणि प्रेशर उतरेल. गाडी चालूच होत नसेल तर पाईप काढताना त्याच्याभोवती जाड फडकं गुंडाळा, डोळे लांब ठेवा, पेट्रोल उडतं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा.

सीट, साईड पॅनल, टाकीचे बोल्ट, हे सोपं आहे, बहुतेक दहाच्या पान्यात होतं. पाईपच्या कनेक्टरला मात्र जपा, दोन्ही बाजूचं लॉक दाबून सरळ ओढायचं, पकडीने पिळायचं नाही, इतक्या वर्षांच्या उन्हाने ते प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. टाकी जुन्या गोधडीवर उलटी ठेवा आणि उघडण्याआधी पंपाच्या प्लेटभोवतीची माती ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर ती सगळी आत पडेल. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा, प्लेट कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढा, मग पंप तिरका करून बाहेर घ्या, कारण फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलवर तरंगून पातळी दाखवणाऱ्या तुकड्याचा, दांडा आत अडकतो आणि जोर लावला की वाकतो, मग पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलतो.

माझा पंप बाहेर आला तेव्हा खालची जाळी, जी पांढरी असायला पाहिजे, ती विटकरी झाली होती आणि बोटाने चोळली तर हळदीसारखी पूड निघाली. टाकीतला गंज. म्हणजे पंप असाच मेला नव्हता, चोंदलेल्या जाळीतून पेट्रोल ओढून ओढून मेला होता. मी टाकीत रात्रभर व्हिनेगर भरून ठेवलं, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, मग लगेच पूर्ण कोरडी केली. हे न करता नवीन पंप बसवणं म्हणजे तोही मारणं.

पूर्ण असेंब्ली महाग पडते, नुसती मोटर आणि जाळी स्वस्तात मिळते आणि काम तेवढ्यात भागतं. पण आतला छोटा पाईप पेट्रोलमध्ये बुडून राहणारा, ३०आर१० मार्किंगचाच घ्या, बाहेरचा साधा इंजेक्शन पाईप आत टाकला तर तो काही महिन्यांत फुगून निसटतो. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुन्या रबराला ते आणखी सोसत नाही. मोटरचं प्लस-मायनस तपासा, उलटं लागलं तर मोटर फिरते, आवाज पण येतो, प्रेशर मात्र शून्य. ओ-रिंग नवीनच पाहिजे, जुनी पेट्रोलने फुगलेली असते, एकदा बाहेर काढली की खाचेत परत बसतच नाही. सिलिकॉन, शेलॅक काही लावायचं नाही, ते विरघळून जाळीत जातं. बोल्ट पुन्हा समोरासमोर आणि हलक्या हाताने, आटे मऊ असतात.

टाकी चढवा, पाईप टक् आवाज येईपर्यंत दाबा आणि एकदा ओढून बघा. चार-पाच लिटर पेट्रोल टाका, पंप कोरडा फिरवू नका, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, म्हणून रोज रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी आवाज थांबेपर्यंत थांबा, प्लेटभोवती आणि पाईपच्या जोडाला टिश्यू पेपर फिरवा, थेंबभर जरी ओला झाला तरी सेल्फ मारायचा नाही, परत उघडायचं.

मी पहिली फेरी त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत मारली, परत येऊन गरम गाडीखाली टॉर्च धरून पुन्हा सगळे जोड बघितले. चार दिवसांनी नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट, मागे आई बसलेली, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी एकदाही अडखळली नाही.