तिसरा पंप घेण्याआधी टाकी उतरवा

फैजपूर-सावदा पट्ट्यात केळी वाहणारे पिकअपवाले गॅरेजला येतात ते हीच तक्रार घेऊन: "भाऊ, मागच्या सीझनला डिझेलचा पंप टाकला, पुन्हा गेला." माझं म्हणणं ठाम आहे. दुसऱ्यांदा पंप गेला की पंपापर्यंत येणारं डिझेल, हवा आणि करंट तपासल्याशिवाय नवा बसवू देऊ नका.

गेला तो कोणता, ते आधी ठरवा. फीड पंप टाकीतलं डिझेल पुढे आणतो, इंजिनवरचा हाय प्रेशर पंप ते रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल वाटणाऱ्या जाड नळीत, दाबतो. आजच्या बहुतेक कॉमन रेल गाड्यांत या दाबाच्या पंपाला डिझेलचंच वंगण असतं. त्यात पाणी किंवा रॉकेल आलं की लोखंडावर लोखंड घासतं.

जुना फिल्टर भंगारात टाकू नका, सगळा पुरावा त्यातच असतो. खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून डिझेल काचेच्या बरणीत काढा, तासभर हलवू नका. पाणी असेल तर तळाशी बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. मग फिल्टरचा डबा पत्र्याच्या कात्रीनं कापा. हॅक्सॉ नको, त्याचा कीस आत पडून फसगत होते. कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर उलगडा. तांबूस पूड म्हणजे टाकी नाहीतर ड्रम गंजलाय. काळा चिकट गाळ बहुधा पाणी धरून पडून राहिलेल्या डिझेलचा. उन्हात चमचमणारा चुरा दिसला तर पंप आतून खाल्ला जातोय.

असा चुरा असताना नुसता पंप बदलला, तर नवाही जाणार. उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न लाइननं तो टाकीत पोचलेला असतो. टाकी उतरवून धुवा, जाळी काढा, लाइन साफ करा, रेल आणि इंजेक्टर तपासून घ्या. खर्च मोठा आहे, पण इथे काटकसर करायला मी कुणालाच सांगत नाही.

शेतावरच्या ड्रममधून डिझेल भरत असाल तर ते आजच थांबवा. अर्धा ड्रम दिवसा तापतो, रात्री गार होतो आणि आतल्या पत्र्याला दव धरतं.

सकाळी स्टार्टर खूप मारावा लागतो आणि खाली थेंबही गळत नाही? ओढणाऱ्या लाइनला गळती असली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये डिझेलला चालणारी पारदर्शक नळी लावा, बुडबुडे दिसतील. क्लिपा, वॉशर, चिरलेली रबरी नळी बदला. टाकीचं झाकण उघडताना सुस्स आवाज आला तर झाकणाचा श्वास कोंडलाय, म्हणजे हवेचं भोक बुजलंय. इंजिन चालू असताना रेलची लाइन मात्र कधीच ढिली करू नका. हजार बारच्या वरच्या दाबाची धार कातडीत घुसते.

इलेक्ट्रिक फीड पंप असेल तर तो चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी पंपाच्या अर्थला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग घासून साफ करा. पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या रिलेचा सॉकेट जळकट दिसतो का, तेही बघा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळीसला टेकतं तेव्हा पाव टाकीच्या खाली जाऊ नका, टाकीतला पंप डिझेलमध्येच गार राहतो. नवा फिल्टर डिझेल ओतून भरू नका, हँड प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा हातपंप, मारून भरा. पंप बसवल्यावरचा पहिला फिल्टर नेहमीच्या किलोमीटरची वाट न पाहता लवकर काढा आणि तोही कापून बघा.