गोव्याला चौघांनी जायचं तर पैसे कुठे वाचतात

बहुतेक घरांत गोव्याचा हिशेब हॉटेलच्या भाड्यापासून सुरू होतो आणि तिथेच चुकतो. उत्तर गोव्यातल्या कांदोळीत हजार रुपयांनी स्वस्त खोली मिळाली, पण रेल्वेतून उतरलात दक्षिणेतल्या मडगावला, तर ती बचत पहिल्याच टॅक्सीत गेली. आधी भाग ठरवा, मग स्टेशन, खोली सगळ्यात शेवटी. कळंगुट, बागा, हणजूणसाठी थिवी, पणजी आणि जुन्या गोव्यासाठी करमळी, कोलवा, बाणावलीसाठी मडगाव, पाळोळेसाठी काणकोण. चार दिवसांत उत्तर आणि दक्षिण दोन्ही उरकायचा हट्ट सोडा. मुलांना वाळू आणि पाणी मिळालं की एक किनारा पुरतो.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं, प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे २५ डिसेंबरचं तिकीट २६ ऑक्टोबरला. आयआरसीटीसीचं खातं त्याआधीच आधारशी जोडून ठेवा. ऐनवेळी ओटीपीच्या खटपटीत कोकणकन्या किंवा मांडवीसारखी गोव्याची गाडी भरून जाते. हुकलंच तर तत्काळ आदल्या दिवशी, एसीसाठी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता.

मुलांच्या तिकिटात बरेच पैसे वाचतात, पण फॉर्म नीट भरला तर. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारामधल्या मुलासाठी बर्थ मागितला की पूर्ण भाडं, बर्थ नको म्हटलं की अर्धं. सहा वर्षांचं मूल रात्री आईजवळ झोपतं, तिथे अर्धं तिकीट पुरतं. दहा वर्षांच्या मुलासाठी बर्थ घ्याच, नाहीतर रात्रभर कुणीच झोपत नाही. जनशताब्दी, तेजससारख्या बसायच्या गाड्यांत ही अर्ध्या भाड्याची सोय नाही.

तारखा हातात असतील तर नाताळ ते नववर्ष आणि दिवाळीनंतरचा आठवडा टाळा, रविवारी पोहोचून गुरुवारी निघा. शुक्रवार-शनिवारच्या रात्री त्याच खोलीचा भाव चढतो. पावसाळ्यात खोल्या खूप स्वस्त असतात, पण समुद्रात उतरता येत नाही, किनाऱ्यावरचे खाण्यापिण्याचे शॅक काढलेले असतात आणि कोकण रेल्वेचं वेळापत्रकही बदलतं. मुलं समुद्रासाठीच येत असतील तर ती स्वस्ताई कामाची नाही. खोलीचं रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८ टक्के. ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते, ७,६०० ची मात्र ८,९६८ ला. देवदर्शनाचा बेत असेल तर फोंडा तालुक्यातल्या मोठ्या देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे भक्तांसाठीच्या खोल्या, पाहा. तिथे मांसाहार आणि दारू चालत नाही, समुद्रही लांब आहे, म्हणून एखाद्या मुक्कामापुरत्याच.

फिरायला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस चांगल्या आहेत. पणजी–मडगाव आणि पणजी–म्हापसा शटल मध्ये थांबत नाहीत. तिकीट स्टँडवरच्या खिडकीवर काढून मगच चढायचं. गावाकडच्या बस मात्र संध्याकाळनंतर विरळ होतात, शेवटची बस कधी ते सकाळीच विचारून ठेवा. एकदा चुकली की टॅक्सीवाला सांगेल तो भाव. स्वतः चालवायला भाड्याची गाडी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच. पांढऱ्या पाटीची गाडी शे-दोनशेने स्वस्त मिळते, पण ती खासगी असते: पोलिसांनी अडवलं तर दंड होतो आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. गाडी घेताना चारही बाजूंचा आणि पेट्रोलच्या काट्याचा व्हिडिओ काढा. टाकी बहुधा जवळजवळ रिकामीच मिळते. परत करताना तेवढंच ठेवायचं, भरून द्यायची नाही.

दूधसागर धबधब्याला कुळ्याहून जीप जाते आणि तिच्यात सात जण बसतात. चौघांनी अख्खी जीप करण्याऐवजी रांगेतलंच तिघांचं कुटुंब सोबत घ्या.

जेवण दुपारचं मोठं ठेवा. फिश थाळी दुपारीच मिळते. रात्री तीच मासळी नगावर विकली जाते. मेनूत किमतीच्या जागी ‘आकारानुसार’ असं लिहिलं असेल तर मासा बघून, भाव ठरवूनच ऑर्डर द्या. सकाळी हॉटेलचा नाश्ता नको, बाजारातल्या छोट्या हॉटेलात पातळभाजी-पाव आणि बन (केळ्याच्या गोडसर पुऱ्या) खा.

स्वतःच्या गाडीने येत असाल तर गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे. येताना सीमा ओलांडण्यापुरतंच ठेवा आणि परतताना सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे टाकी भरून घ्या.